लिंकवाले सर

जामनेरहून सकाळी मोटारसायकलवर खेड्यातल्या शाळेकडे निघालेल्या शिक्षकाच्या पिशवीत काय असावं? आमच्या वेळी डबा असायचा, हजेरीपट असायचा आणि पावसाळ्यात डोक्यावर घ्यायला गोणपाट. लिंकवाले सरांच्या सॅकमध्ये मी एकदा डोकावलो. एचडीएमआय केबल, एक लांब, एक आखूड. तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड. दोन पॉवरबँक, त्यांतली एक पोट फुगलेली. जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीएचा कन्व्हर्टर. टेस्टर, काळी चिकटपट्टी, शाळेचा गोल शिक्का. मुख्याध्यापकांचा मोबाइल, ओटीपी त्याच्यावर येतो म्हणून तो दिवसभर सरांकडेच असतो. आणि सगळ्यात खाली, अर्धा चुरा झालेला एक खडू.

"खडू अजून ठेवता वाटतं?" मी विचारलं.

"ठेवावा लागतो गुरुजी. लाईट जाते ना."

त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात आहे आणि बहुधा तिथेच आहे. केंद्रातल्या सगळ्या शाळा, दोन्ही चहावाले आणि झेरॉक्सवाला त्यांना लिंकवाले सर म्हणतात. माहिती भरायची लिंक पुण्या-मुंबईत जन्मते, जळगावला जिल्हा परिषदेत उतरते, तिथून पंचायत समितीत, तिथून केंद्रप्रमुखांकडे, आणि केंद्रप्रमुख ती न उघडता सरांकडे ढकलतात. सर ती उघडतात, स्वतःची भरतात, दुसऱ्यांना कशी भरायची याचा आवाजी संदेश टाकतात, मग त्याचा व्हिडिओ टाकतात आणि शेवटी दुसऱ्यांचीही स्वतःच भरतात. सरकारी भाषेत अशा माणसाला तंत्रस्नेही शिक्षक म्हणतात. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, त्यानंतर या बिरुदाची राज्यभर लागवड झाली. जामनेर तालुक्यात पीक बरं आलं.

त्यांची उगवण मात्र आधीची. सर शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिना तीन हजार मानधन होतं, आणि तालुक्यातली अर्धी गुरुजी मंडळी एमएस-सीआयटीच्या धास्तीने वाळत चालली होती. परीक्षा मुदतीत पास व्हा, नाही तर वेतनवाढ थांबेल, असा हुकूम. ज्यांनी कारकिर्दीत हजारभर पोरांना बाराखडी गिरवायला लावली ते संध्याकाळी जामनेरच्या संगणक केंद्रात रांगेने बसून माऊस गिरवत होते. एक ज्येष्ठ गुरुजी माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत आले आणि हात वर करून म्हणाले, "सर, टेबल संपलं." संगणक शिकवणारा पोरगा हसला. आमचे सर हसले नाहीत. त्यांनी माऊस उचलून पुन्हा मध्ये ठेवून दाखवला आणि गुरुजींच्या हातावर हात ठेवून तो फिरवला, पहिलीच्या पोराच्या हातातली पेन्सिल धरून फिरवतात तसा. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचं पुढचं बरंच सहन केलं आहे.

शाळेत यंत्र येणं आम्हालाही नवं नव्हतं. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली, दूरदर्शनवर मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम येऊ लागले, आणि काही शाळांना टीव्ही मिळाले. टीव्ही आला की पहिलं काम म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरला नोंद. एकदा नोंद झाली की त्या वस्तूचा जीव मुख्याध्यापकाच्या पेन्शनशी बांधला जायचा. फुटली तर भरपाई! मग तो टीव्ही खोक्यातून कशाला निघतोय? कार्यक्रम सकाळी लागायचा आणि कपाटाची किल्ली अकराला यायची. २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. ती बंद झाल्याचं आमच्या भागातल्या काही टीव्हींना कधीच कळलं नसेल, कारण ते सुरूच झाले नव्हते. सरांचं याबाबतीत कौतुक करायला हवं. त्यांनी पहिल्या दिवशी खोकं फाडलं.

पण सरांना खरं सिंहासन मिळालं ते 'सरल'मुळे. २०१५ साली प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायचा फतवा निघाला. मुलाचं नाव, आईचं नाव, आधार, रक्तगट, सगळं. दिवसा सर्व्हर बसलेला. रात्री दोनला तो जागा व्हायचा, म्हणून रात्री दोनला तालुक्यातले गुरुजीही जागे. कपाशीला रात्रीची लाईट आली की शेतकरी पाणी द्यायला उठायचा आणि वाटेत त्याला मास्तरच्या घरात दिवा दिसायचा. दोघंही महावितरणला एकाच सुरात शिव्या द्यायचे. या काळात केंद्रातल्या यच्चयावत शाळांचे पासवर्ड सरांच्या वहीत आले. ती वही त्यांनी मला दाखवली नाही, पण सारांश सांगितला. बहुतेकांचा पासवर्ड थोरल्या मुलीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. बायकोचं नाव फक्त नव्याने लग्न झालेल्यांनी ठेवलेलं. एका गुरुजींनी बैलाचं नाव ठेवलं होतं, आणि तो एकच पासवर्ड कधी विसरला गेला नाही.

पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात आदेश आला की दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत शिक्षकांनी सेल्फी काढून सरलवर चढवायचा. गळती थांबवण्याचा उपाय. सरांनी त्याच संध्याकाळी सेल्फी स्टिक आणली. रंगीत तालीम झाली. पट तेवीस, म्हणजे दहा, दहा आणि तीन. तिन्ही फोटो नीट पाहिले तेव्हा लक्षात आलं, चौथीतलं एक कार्टं तिन्हींत दात काढून उभं आहे. हिशेबाने त्या दिवशी शाळेत पटापेक्षा दोन मुलं जास्त होती. पुढे राज्यभर ओरड झाली आणि योजना सुरू होता होता स्थगित झाली. स्टिक तेवढी उरली. सर ती फळ्यावर नकाशा दाखवायला वापरतात. शिक्षण हक्क कायद्याने वर्गातून हद्दपार केलेली छडी अशी ब्लूटूथसह परत आली.

त्याच सुमारास शेजारच्या धुळे जिल्ह्याने जिल्हा परिषदेच्या सगळ्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल केल्या. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरीला असलेले हर्षल विभांडिक यांनी गावोगाव फिरून लोकांना पैसे द्यायला लावले, स्वतःचेही घातले. धुळ्याने केलं म्हटल्यावर जळगाव जिल्ह्यात कोणाला झोप येणार? सर गावात वर्गणीला निघाले. लोक कापसाच्या भावावर बोलले, मक्याच्या भावावर बोलले, आणि एक आजोबा म्हणाले, "टीव्ही तर घरी बी हाये मास्तर. पोऱ्हं पाहून पाहून आंधळं व्हयी राहिलं. आता शाळात बी तेच?" या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. सरांना सापडलं होतं. "बाबा, घरचा टीव्ही पोरगं पाहतं. शाळेतला टीव्ही पोराला विचारतो." आजोबांनी पाचशेची नोट काढली. नोटबंदीचे दिवस होते, नोट जुनी निघाली, पण भावना पोचली.

टीव्ही भिंतीवर चढला. सरपंचांनी नारळ फोडला, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. शाळेचं मीटर थकबाकीपायी कधीच कापलेलं होतं. इमारत डिजिटल करायला लोक वर्गणी देतात, तिचं वीजबिल भरायला वर्गणी मागून पाहा. अखेर सरपंचांच्या परवानगीने समोरच्या मारुतीच्या देवळातून वायर ओढली. त्यामुळे शाळेचं वेळापत्रक आपोआप मारुतीशी जोडलं गेलं. शनिवारी देवळात अँप्लिफायर लागला की इकडे पडद्यावरचा सूर्य मंद व्हायचा. सूर्यमाला शिकवताना गुरूपर्यंत गाडी सुरळीत आली, तिकडे भजनाने टिपेचा सूर धरला आणि शनीच्या कड्यांसकट सगळं विझलं. पोरांनी हे शनिवारशी जोडलं, आणि त्या वर्गाला शनीची कडी जन्मात विसरायची नाही.

मग क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून दाखवले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही ते आले. २०२० साली डिसल्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम बाकीच्या अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. ही बातमी वाचून सर आठवडाभर जमिनीवर नव्हते. डॉलर वाटण्यावर त्यांनी फारसा विचार केला नाही, कोडवर केला. शाळेच्या आवारात जे जे स्थिर उभं होतं त्या सगळ्यावर कोड चिकटला. झाडांवर झाडाची माहिती, हातपंपावर पाण्याची, घंटेवर ध्वनीची. पहिल्या पावसात निम्मे धुतले गेले. बोरीच्या झाडाचा कोड बकरीने खाल्ला. सर म्हणाले, "चला, कोणीतरी स्कॅन केला."

मी एकदा त्यांना साने गुरुजींची गोष्ट सांगितली. आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरला, प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी गुरुजी 'छात्रालय' नावाचं दैनिक चालवायचे. दैनिक, बरं का, आणि तेही हस्तलिखित. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात जाण्याआधीचा हा उद्योग. म्हटलं, यंत्राशिवाय एका माणसाने मुलांसाठी किती करावं! सरांनी आदराने ऐकलं, क्षणभर डोळे मिटले, आणि म्हणाले, "म्हणजे तेव्हाचा ब्लॉगच की गुरुजी. रीच किती होता?"

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पाचोरा-जामनेर पीजे गाडीही थांबली, ती थांबलीच. सर थांबले नाहीत. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हे राज्याचं घोषवाक्य त्यांनी डीपीला लावलं आणि पालकांचा व्हॉट्सॲप गट काढला. पण गावात मोबाइल बापाच्या खिशात, बाप वावरात किंवा जिनिंगवर. सकाळी आठचा अपूर्णांक पोराच्या हाती पडायचा रात्री नऊला, तोही चार्जिंग उरलं तर. "सर्वांनी गृहपाठ पाठवा" म्हटलं की गटावर अठरा अंगठे उमटायचे. गावातला अंगठा हटवायला आमच्या दोन पिढ्या खपल्या. साक्षरता वर्ग घेतले, म्हाताऱ्यांना कंदिलाच्या उजेडात सह्या शिकवल्या. तो अंगठा आता पिवळाधमक होऊन परत आला होता, आणि देणारे सगळे दहावी पास.

जुलैत सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही मालिका सुरू झाली. एमकेसीएलच्या मंडळींनी पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर केलेली, आणि चांगली केलेली. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांनी पाहिली. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी सरांनी एक दिवस मारुतीच्या देवळातला माईक हातात घेतला. सकाळी सातला भोंग्यावरून पाढे, मग एक गोष्ट, मग तीन प्रश्न. पोरं आपापल्या ओट्यावर बसून ऐकायची. पहिल्या आठवड्यातच एकोणीसचा पाढा म्हणताना सर अकराव्या घराशी अडखळले, तर कडेच्या वावरातून निंदणी करणाऱ्या एका म्हाताऱ्याने आरोळी ठोकली, "दोनशे नऊ!" दुसऱ्या दिवशी त्यालाच माईकवर बसवला. त्याने पावकी, निमकी, पाऊणकी अशी घडाघडा म्हटली की गावातल्या बायका हातातलं काम ठेवून दारात आल्या.

मी आजवर शिक्षणात जेवढी यंत्रं पाहिली त्यांत भोंग्याइतकं सरळ यंत्र दुसरं पाहिलं नाही. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, अपडेट मागत नाही, बापाच्या खिशातून काढावा लागत नाही. पण महिन्याचा अहवाल भरायची वेळ आली तेव्हा लिंकमध्ये रकाने होते: झूम, गुगल मीट, व्हॉट्सॲप, दीक्षा ॲप. भोंग्याला रकाना नव्हता. वर "उपक्रमाचा फोटो जोडा" हे सक्तीचं. सरांनी भोंग्याचा फोटो काढून पाहिला. तो नुसता भोंगा दिसला. आवाजाचा फोटो येत नाही. शेवटी त्यांनी 'झूम'वर खूण केली आणि उपक्रम बसवला.

याच काळात शिक्षकांची ऑनलाइन प्रशिक्षणं सुरू झाली. व्हिडिओ शेवटपर्यंत चालल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. सरांच्या घरी मी गेलो तेव्हा त्या एक्स्टेन्शन बोर्डवर सहा मोबाइल ओळीने लावलेले, सहाही वेगवेगळ्या गुरुजींचे आणि बाईंचे, सहाही पालथे, आणि सहांतूनही एकच बाई बालमानसशास्त्रावर बोलतेय, जरा पुढे-मागे. सर आत जेवत होते. तासाभरात सहाही मोबाइल प्रशिक्षित झाले.

घरात त्यांची वेगळी कथा. थंडीत वावरात भरीत-पार्टी करायची म्हटली की बाकीचे लोक वांगी आणतात, काड्या जमवतात. सर गुगल फॉर्म काढतात. भाकरी कळण्याची की पुरी? तिखट किती: कमी, मध्यम, जामनेर. फॉर्म जुन्या सरकारी फॉर्मवरून नक्कल केलेला, त्यात शाळेचा यू-डायस क्रमांक हा रकाना सक्तीचा राहून गेला. त्यांचा मेहुणा कापसाचा व्यापारी. त्याच्याकडे यू-डायस क्रमांक कुठला? तो आला नाही आणि वर्षभर बोलला नाही.

एवढं यंत्र अंगावर वागवणारा हा माणूस शिकवतो कधी, असं कोणीही विचारेल. त्याची गंमत अशी. शाळेत रेंज एकाच जागी मिळते, आवारातल्या निंबाखाली, हातपंपाकडे तोंड केलं तर. सकाळी हजेरीच्या चॅटबॉटला हजेरी द्यायची, दुपारी पोषण आहाराचा आकडा चढवायचा, मध्ये चार लिंका. म्हणून सर दिवसाचा बराच वेळ निंबाखाली उभे. पोरं वर्गात टीव्हीसमोर एकटी बसून कंटाळली आणि एकेक करून बाहेर आली. आधी पाण्याच्या निमित्ताने, मग दप्तरासकट. आता अख्खा वर्गच निंबाखाली भरतो. गावाने वर्गणी काढून भिंती रंगवल्या, टीव्ही लावला, आणि शाळा झाडाखाली.

तिथे मी जे पाहिलं ते सांगतो. सरांचा काच तडकलेला जुना मोबाइल पोरांच्या हातात. त्याच्याशी मराठीत बोललं की तो लिहून दाखवतो. एक पोरगं बोललं, "मले भूक लागली." मोबाइलने लिहिलं, 'मळे भूक लागली.' पोरं लोळली. पुन्हा जोरात, "मले!" पुन्हा 'मळे'. मग दुसरीतल्या एका चिमुरडीने मोबाइल ओढून घेतला, घसा खाकरला आणि आकाशवाणी जळगावच्या निवेदिकेच्या थाटात म्हणाली, "मला भूक लागली आहे." बरोब्बर उमटलं. सर चार वर्षं जे वही तपासून तपासून सांगत होते ते त्या ठोंब्या यंत्राने न समजून पंधरवड्यात करून घेतलं. पोरं मोबाइलशी 'मला' म्हणतात आणि मान वळवून सरांना, "सर, मले बी द्या ना." आपली तावडी बोली कुठे बोलायची आणि पुस्तकी कुठे, हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

हातपंपावर आलेल्या एका आजीला पोरांनी ओढून आणलं. बोल म्हटलं. आजीने पंपाचा वायसर कधीचा गेलाय, ग्रामपंचायतीत कोणी ऐकत नाही, पोरं हांडा भरू देत नाहीत, असं जे मनात साचलं होतं ते एका दमात सुनावलं. मोबाइलने त्यातून काढलेलं वाक्य पोरांनी मोठ्याने वाचलं. त्यात एक नदी होती, एक डॉक्टर होता आणि कोणाचं तरी अभिनंदन. आजीने ऐकून घेतलं, हांडा कमरेवर घेतला आणि सरांना सांगितलं, "याले मराठी येत नही मास्तर. याले पयलीत बसवा."

मग पोरांनी खरोखरच त्याला शिकवायला घेतलं. तो चुकला की फळ्यावर बरोबर लिहायचं, का चुकला ते शोधायचं, पुन्हा विचारायचं. दुपारची सुट्टी झाली तरी कोणी उठेना. सरही मांडी घालून त्यांच्यात बसलेले. सॅकमध्ये मुख्याध्यापकांचा मोबाइल ओटीपीने तीनदा कण्हला. कोणी पाहिलं नाही. तो तास इतका रंगला की सर फोटो काढायचं विसरले. त्यामुळे त्याची नोंद कुठेही नाही.

त्यांचा सत्कार झाला तो वेगळ्या कारणाने. केंद्राची शंभर टक्के माहिती वर्षभर मुदतीत भरल्याबद्दल. जामनेरला कार्यक्रम होता, आम्ही निवृत्त मंडळीही बोलावलेली. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा सर जागेवर नव्हते. पाहुण्यांचं सादरीकरण पडद्यावर उलटं दिसत होतं म्हणून टेबलाखाली वायर बदलत होते. दुसऱ्यांदा पुकारल्यावर टेबलाखालून आवाज आला, "एक मिनिट, लोड होतंय." गुडघे झटकत वर आले. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. खाली उतरतात तोच साहेबांचा माणूस आडवा आला. "सर, सत्काराचे फोटो आज पाचच्या आत लिंकवर टाकायचे आहेत. दुसऱ्या कोणाला जमत नाही."

पाचला दहा मिनिटं कमी होती. खांद्यावर शाल तशीच ठेवून सर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, नारळ माझ्या हातात दिला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि फोटो एकदा, दोनदा, तीनदा ढकलून पाहिला.

"काय झालं?"

"फाइल मोठी आहे म्हणतंय गुरुजी. दोन एमबीच्या आत बसत नाहीये मी."